आभाळाला अर्धा गॉगल

पावसाळा संपत आला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ट्रेकचे फोटो फिरायला लागतात. कास, लोहगड, राजमाची, हरिश्चंद्रगड. त्यातले निम्मे फोटो असे असतात की खाली गवत हिरवंगार आणि वर आभाळाच्या जागी कोरा फुलस्केप. उरलेल्या निम्म्यांत आभाळ लाल-जांभळं, एकदम भारी, पण खाली डोंगर, झाडं, माणसं सगळं डांबर. सोबत एक वाक्य फुकट मिळतं, "अगं, प्रत्यक्षात असं नव्हतं!" मित्र-मैत्रिणींनो, ते वाक्य शंभर टक्के खरं असतं. डोळ्यांना दोन्ही दिसत होतं. कॅमेऱ्याला का दिसलं नाही आणि त्यावर जुना, साधा, बिनबॅटरीचा उपाय काय, ते इथे सांगायचं आहे.

उपायाचं नाव ग्रॅज्युएटेड न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून मराठी प्रतिशब्दासाठी एका मित्राला विचारलं. त्याने 'क्रमश्रेणित उदासीन घनता गाळणी' असं काहीतरी लिहून दिलं. हे छापलं तर केमिकलवाले लेख आपला समजतील आणि बाकीचे पान उलटतील. म्हणून मी नुसतं 'ग्रॅड' म्हणणार आहे. वस्तू तशी साधीच. काचेची किंवा प्लॅस्टिकची आयताकृती पट्टी, वरचा अर्धा भाग करडा, खालचा अर्धा स्वच्छ, मधे एकातून दुसऱ्यात जाणारा पट्टा. लेन्सपुढे धरायची, करडा भाग आभाळावर, स्वच्छ भाग जमिनीवर. थोडक्यात, आभाळापुरता अर्धा गॉगल.

आता थिअरी. घाबरू नका, एम-थ्री इतकी नाही.

फोटोग्राफीत उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट, चार स्टॉप म्हणजे १६ पट, दहा म्हणजे १०२४ पट. सरळ लॉग टू द बेस टू. संध्याकाळी डोंगराच्या सावलीतलं गवत आणि त्यामागचं आभाळ यांच्यात चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो. डोळा हा फरक पचवतो, कारण तो सगळं एकदम बघतच नाही. आभाळाकडे गेला की बाहुली आकसते, गवताकडे आला की मोठी होते, रेटिना आपली संवेदनशीलता बदलत राहते आणि मेंदू या सगळ्या तुकड्यांना शिवून आपल्याला एक चित्र दाखवतो. कॅमेऱ्याला हा लाड नाही. एक शटर, एक अ‍ॅपर्चर, आणि सगळ्या फ्रेमला तेवढाच वेळ.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे छपराखाली ठेवलेली बादली समजा. फोटॉन पडत राहतात, बादली भरत राहते. भरून वाहायला लागली की त्यानंतर किती पडले याचा हिशेब संपला. ईएनटीसीवाल्यांच्या भाषेत, ऑप-अ‍ॅम्प सप्लायला जाऊन चिकटला. पांढरं झालेलं आभाळ ते हेच. नंतर कॉम्प्युटरवर कितीही अंधारलं तरी तिथे करडा रंग येईल, ढग परत येणार नाहीत, कारण ढगांची माहिती नोंदलीच गेली नाही.

मग उलटं करावं, आभाळ सांभाळावं आणि खालचा काळा भाग नंतर उजळावा? करता येतं, आजचे चांगले सेन्सर १२-१४ स्टॉपची रेंज देतात आणि रॉ फाइलमधून अंधार बऱ्यापैकी वर खेचता येतो. पण इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सरासरी एन पडत असतील तर त्यात वर्गमूळ एन एवढा गोंधळ असतोच. म्हणजे सिग्नल-टू-नॉइज रेशो वर्गमूळ एन. गवताला तीन स्टॉप कमी उजेड दिला तर फोटॉन आठपटीने कमी, आणि रेशो वर्गमूळ आठ, म्हणजे साधारण २.८ पटीने खराब. सॉफ्टवेअर ब्राइटनेस वाढवतं तेव्हा सिग्नलबरोबर हा गोंधळही वाढतो. ग्रॅड लावला की आभाळाची बादली हळू भरते आणि तेवढ्या वेळात गवताला आठपट फोटॉन खरोखर मिळतात. हा फरक एडिटिंगने येत नाही. ग्रॅड आजही कामाचा का, याचं माझ्या मते हेच सगळ्यात भक्कम उत्तर आहे.

फिल्टरवर ०.३, ०.६, ०.९ असे आकडे असतात. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये कलरिमीटरवर रीडिंग घेतली होती आठवतं? (कॉपी केली असतील तरी चालेल.) तिथला अ‍ॅब्झॉर्बन्स आणि इथली डेन्सिटी एकच. आत येणारा प्रकाश भागिले बाहेर पडणारा, त्याचा लॉग टू द बेस टेन. दोनचा लॉग ०.३०१०, म्हणून ०.३ म्हणजे निम्मा प्रकाश, एक स्टॉप. ०.६ म्हणजे पाव, दोन स्टॉप. ०.९ म्हणजे अष्टमांश, तीन स्टॉप. आणि दोन फिल्टर एकापुढे एक लावले की आकड्यांची फक्त बेरीज करायची. ०.६ आणि ०.३ मिळून ०.९. 'न्यूट्रल' याचा अर्थ सगळ्या रंगांना सारखंच अडवणारा. स्वस्त फिल्टर इथेच मार खातात. आभाळावर हलकी गुलाबी छटा येते, आणि ती फक्त वरच्या अर्ध्या भागात असल्यामुळे काढणं किचकट होतं.

हा प्रॉब्लेम आपल्या पिढीचा नाही. १८५० च्या दशकात काचेच्या ओल्या कलोडियन प्लेटवर फोटो काढत. त्या प्लेट मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच संवेदनशील, त्यामुळे निळं आभाळ हमखास पांढरं पडायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राचे फोटो काढताना यावर तोडगा काढला. आभाळाची निगेटिव्ह वेगळी, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजावर जोडून एकच प्रिंट. 'द ग्रेट वेव्ह, सेत' हे १८५७ चं त्याचं चित्र असंच बनलेलं आहे. आजचा फोन एका सेकंदात पाच-सात फ्रेम घेऊन गुपचूप जोडतो, ती आयडिया दीडशे वर्षांहून जुनी आहे!

ग्रॅडला गिर्यारोहकांमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकन गिर्यारोहक-फोटोग्राफर गेलन रॉवेल (१९४०-२००२) यांनी. ते स्लाइड फिल्मवर काम करायचे. स्लाइड फिल्मची रेंज जेमतेम पाच-सहा स्टॉप, आणि एकदा क्लिक झालं की दुरुस्ती नाही. जे करायचं ते लेन्सपुढेच. सिंग-रे कंपनीने त्यांच्या नावाचे ग्रॅड बाजारात आणले. त्याआधी १९७८ पासून फ्रान्सच्या कोकिन कंपनीने चौकोनी फिल्टर आणि होल्डरची पद्धत लोकप्रिय केलीच होती. लेन्सवर रिंग फिरवून बसवायची, रिंगवर होल्डर, होल्डरच्या खाचेत फिल्टर वर-खाली सरकवायचा. फिल्टर सरकला पाहिजे, ही यातली मेख. लेन्सवर फिरवून बसणारे गोल ग्रॅडही मिळतात आणि ते स्वस्त असतात, पण त्यात रेघ कायम मधोमध. मग प्रत्येक फोटोत क्षितिज बरोबर मधे ठेवावं लागतं. ते घेऊ नका.

आता प्रत्यक्ष वापर. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ धरू. फिल्टर न लावता कॅमेरा खाली झुकवून फक्त जमिनीचं मीटरिंग घ्या. समजा १/१५ सेकंद आलं. मग फक्त आभाळाचं घ्या, सूर्य फ्रेममध्ये न आणता. समजा १/२५० आलं. १५, ३०, ६०, १२५, २५०. चार उड्या, चार स्टॉप. मग १.२ चा फिल्टर लावायचा का? नाही. ०.९ लावा, एक स्टॉपचा फरक राहू द्या. शटर १/१५ वरच ठेवा आणि फोटो घ्या. आभाळ जमिनीपेक्षा थोडं उजळ असणं हीच आपल्या डोळ्यांची सवय आहे. ती मोडली की फोटो बघणारा लगेच म्हणतो, "फोटोशॉप केलंय."

याचा पुरावा पाण्यात मिळतो. पवना धरणाच्या पाण्यात तिकोना किंवा तुंगचं प्रतिबिंब टिपायला बरेच जण जातात. पाणी कधीच शंभर टक्के प्रकाश परत फेकत नाही, काही आत शिरतोच. म्हणजे आभाळाच्या प्रतिबिंबापेक्षा खरं आभाळ उजळच असणार. जोरदार ग्रॅड लावून आभाळ इतकं दाबलं की प्रतिबिंब जास्त उजळ झालं, तर फिजिक्स उलटं झालं. बघणाऱ्याला फ्रेनेलची समीकरणं येत नसली तरी काहीतरी खटकतंच. तिथे ०.६ पुरे, बऱ्याचदा ०.३ सुद्धा.

ग्रॅड मुख्यतः तीन जातींचे. हार्ड, म्हणजे करड्यातून स्वच्छमध्ये एकदम उडी. सॉफ्ट, म्हणजे हळूहळू उतार. आणि रिव्हर्स, ज्याचा सगळ्यात गडद भाग मधल्या रेघेवर आणि वर जावं तसा फिका. मरीन ड्राइव्हवरून मोकळ्या समुद्रात सूर्य टेकलेला असताना सगळ्यात प्रखर पट्टा क्षितिजावरच असतो, तिथे रिव्हर्सला पर्याय नाही. पण तो बाकी कुठे फारसा चालत नाही, म्हणून पहिला फिल्टर म्हणून घेण्यात अर्थ नाही.

हार्ड घ्यावा की सॉफ्ट, याचं उत्तर लेन्सवर अवलंबून आहे. दुकानदार हे सांगत नाहीत. फिल्टर लेन्सच्या इतका जवळ असतो की तो कधीच फोकसमध्ये नसतो. त्याची रेघ किती पसरट दिसेल हे लेन्सच्या एन्ट्रन्स प्यूपिलवर ठरतं, आणि त्याचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर. २० मिमीची लेन्स एफ/११ वर असेल तर १.८ मिमी. एवढ्याशा भोकातून हार्ड ग्रॅडची रेघ स्पष्ट दिसते. २०० मिमीची लेन्स एफ/५.६ वर असेल तर जवळपास ३६ मिमी! शिवाय टेलिफोटो लेन्स फिल्टरचा मधला छोटासाच भाग वापरते. तिथे सॉफ्ट ग्रॅड लावला तर उतार इतका पसरतो की सगळी फ्रेम सारखीच काळवंडते, ग्रॅड असून नसल्यासारखा. म्हणून वाइडला सॉफ्ट, टेलिला हार्ड. यातूनच एक धोका निघतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण लेन्स पूर्ण उघडी असताना बघतो, त्यामुळे रेघ मऊ दिसते. क्लिक करताना लेन्स एफ/११ ला आवळली जाते आणि रेघ कडक होते. डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि मग फिल्टर हळूहळू वर-खाली सरकवा. स्थिर रेघ डोळ्याला सापडत नाही, हलणारी लगेच सापडते.

डोंगरात क्षितिज सरळ नसतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळी सगळे तिथे. पण कड्याची कड वाटीसारखी वळते आणि दोन्ही बाजूंनी क्षितिजाच्या वर चढते. हार्ड ग्रॅड लावला की त्या कडांचे माथे काळे होतात. तिथे सॉफ्ट ०.६, आणि होल्डर थोडा तिरका फिरवून. कासला प्रॉब्लेम वेगळा. सप्टेंबरात फुलं असतात तेव्हा आभाळ बहुधा ढगाळ. लोकांना वाटतं ढग आहेत म्हणजे उजेड कमी, फिल्टर कशाला? अहो, खालच्या फुलांवर येणारा सगळा उजेड त्या ढगांतूनच येतोय. ढग फुलांपेक्षा दोन-तीन स्टॉप उजळ असतातच. पठार सपाट असल्यामुळे तिथे ग्रॅड बसवणं सगळ्यात सोपं. फुलांत पाय न घालता, एवढंच.

आणि एक प्रसंग असा आहे जिथे ग्रॅड काहीच कामाचा नाही. पाचनईला आमच्या ग्रुपला जेवण देणाऱ्या एक काकू आहेत. सकाळपासून चुलीपुढे बसून वीस जणांच्या भाकऱ्या थापतात. संध्याकाळी ग्रुपमधल्या एकाने त्यांना अंगणात उभं करून मागे गड आणि तांबडं आभाळ घेऊन फोटो काढला. फोटोवर सगळे फिदा. काकूंनी स्क्रीन हातात घेतली, निरखून बघितली आणि विचारलं, "गड रोजच बघते की मी. यात मी कुठंय?" काकूंच्या जागी एक काळी आकृती होती. इथे ग्रॅड लावला असता तर आणखी वाईट, कारण उभ्या माणसाचा चेहरा क्षितिजाच्या वर येतो, म्हणजे नेमका करड्या भागात. उपाय दोनच. एकतर माणसाला ओट्यावर बसवा, स्वतः थोडे उंचावर जा, म्हणजे डोकं डोंगराच्या रेघेखाली येईल आणि मग ग्रॅड लावा. नाहीतर चेहऱ्याचं मीटरिंग घ्या आणि आभाळ जाऊ द्या पांढरं. दुसरा फोटो आम्ही दुसऱ्या पद्धतीने काढला. आभाळ पार गेलं. पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दिली, ती त्यांनी देवाच्या फळीखाली लावली आहे. आपल्या ट्रेकच्या फोटोंत आभाळं ढीगभर आहेत. भाकरी करणाऱ्या बाईचा ओळखू येईल असा चेहरा किती फोटोंत आहे, ते आपापल्या फोल्डरमध्ये बघा.

शहरात ग्रॅड जरा जपून. नरिमन पॉइंटच्या टोकावरून मलबार हिलकडे बघितलं तर इमारती लांब आणि बुटक्या दिसतात, क्षितिज जवळजवळ सरळ. संध्याकाळी सूर्य डाव्या हाताला असतो म्हणून आभाळ डावीकडे उजळ. होल्डर फिरवून गडद भाग डावीकडे झुकवा, मस्त फोटो येतो. पण बांद्र्याच्या किल्ल्यावरून सी-लिंक घ्यायला गेलात तर पुलाचे मनोरे थेट आभाळात घुसलेले. हार्ड ग्रॅडने मनोऱ्याचा वरचा भाग काजळी धरल्यासारखा दिसेल. लक्ष्मी रोडसारख्या रस्त्यात तर आभाळ दोन्ही बाजूच्या इमारतींमधून इंग्रजी व्ही अक्षरासारखं खाली उतरतं. सरळ रेघेचा फिल्टर तिथे काय करणार? बॅगेत ठेवा.

शहरासाठी खरा फिल्टर घड्याळात आहे. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आभाळ गडद निळं होतं आणि त्याचा उजेड रस्त्यावरच्या दिव्यांच्या, खिडक्यांच्या उजेडाशी जुळतो. दहा-एक मिनिटं हा तोल राहतो. तेव्हा ग्रॅडशिवाय दोन्ही नीट येतात. पर्वतीवरून पुणं असं घ्यायचं तर डिसेंबरात साडेसहापर्यंत काम होतं. मेमध्ये मात्र हीच वेळ साडेसातच्या आसपास येते, वर पायऱ्या उतरून बस पकडायची आणि लेडीज हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद! ट्रायपॉड खांद्यावर टाकून पळावं लागतं. पहाटेच्या उजेडाबद्दल तर बोलायलाच नको, कारण सहाच्या आधी गेट उघडत नाही. मुलांच्या हॉस्टेलला यातला कुठलाच हिशेब करावा लागत नाही. रेक्टर मॅडम हे मासिक वाचतात, म्हणून नोंदवून ठेवते.

ज्यांच्याकडे फिल्टरला पैसे नाहीत (म्हणजे आपण सगळेच, चांगला काचेचा ग्रॅड मेसच्या काही महिन्यांच्या बिलाएवढा पडतो) त्यांच्यासाठी काळा कार्डबोर्ड. ट्रायपॉड पाहिजे आणि एक्स्पोजर सेकंदांत पाहिजे. समजा जमिनीला चार सेकंद लागतात आणि आभाळाला दोन स्टॉप कमी द्यायचे आहेत, म्हणजे पाव वेळ, एक सेकंद. शटर दाबा, तीन सेकंद कार्डने लेन्सचा वरचा भाग झाका, शेवटच्या सेकंदाला कार्ड काढा. झाकलेलं असताना कार्ड क्षितिजाच्या आसपास सतत थोडं वर-खाली हलवत राहा, म्हणजे रेघ पुसली जाते. लेन्सला कार्ड लागू देऊ नका. पाच-सहा प्रयत्नांत हात बसतो, आणि कार्ड डोंगराच्या आकारात कापूनही घेता येतं, जे सहा इंची काचेला जमणार नाही. अट एकच. संधिप्रकाश हवा, भर दुपारी चार सेकंद मिळत नाहीत.

राहता राहिलं सॉफ्टवेअर. लाइटरूममध्ये २००८ पासून ग्रॅड फिल्टरची नक्कल आहे. फोन आपोआप फ्रेम जोडतो. मी दोन्ही वापरते, त्यात कमीपणा नाही. फ्रेम जोडताना हलणाऱ्या गोष्टी मात्र फसवतात. वाऱ्याने डोलणारं गवत, लाट, रस्त्यावरची बस प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते आणि जोडल्यावर भुतासारखी दिसते. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर उसळणारी लाट आणि मागचे ढग एकाच क्षणाचे हवे असतील तर एकच क्लिक हवा, आणि तिथे ग्रॅड जिंकतो. लक्ष्मी रोडच्या 'व्ही'मध्ये सॉफ्टवेअर जिंकतं. उगाच कुठल्या एका पार्टीत जायची गरज नाही.

फिल्टर घेतलात तर आधी त्याची परीक्षा घ्या. पांढऱ्या भिंतीवर सारखा उजेड असताना स्वच्छ भागातून आणि गडद भागातून मीटरिंग घ्या. ०.६ लिहिलं असेल तर बरोबर दोन स्टॉप यायला हवेत. मग व्हाइट बॅलन्स न बदलता दोन्हीकडून फोटो घ्या आणि लाल, हिरवा, निळा हिस्टोग्राम जुळतात का बघा. न जुळल्यास परत करा. बरेच प्लॅस्टिकचे ग्रॅड सीआर-३९ रेझिनचे असतात, चष्म्याच्या काचा होतात तेच. पडून फुटत नाहीत, पण ओरखडे पटकन पडतात. टी-शर्टने पुसू नका, आधी ब्लोअर मारा. समुद्राचं खारं पाणी उडालं तर साध्या पाण्याने धुऊन मगच फडकं लावा. फिल्टरच्या पाठीमागे आणि वर टोपीची सावली धरा, नाहीतर स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब फोटोत येतं.

माझ्याकडचा ०.६ सॉफ्ट, १०० मिमी रुंद, मागितला तर देते. होल्डर नाही, हातानेच धरावा लागतो. सबमिशनच्या आठवड्यात मिळेल, कारण तेव्हा मी कुठेच जात नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी विचारूही नका.